चौमूंची बस आणि न जुळणारी घड्याळं

आमच्या शेजारच्या शर्माभाभींची बरीच वर्षं अशी समजूत होती की मी कुठल्यातरी मोठ्या हॉटेलात स्वयंपाक करते. चूक त्यांची नव्हती. तुम्ही काय करता, असं त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, "कॉलेजात गणित शिकवते आणि शीफवर काम करते." त्यांनी ‘शेफ’ ऐकलं. मग घरी पाहुणे यायचे असले की त्या बाटीचं पीठ परातीत घेऊन आमच्या दारात. "भाभीजी, ज़रा देखिए तो, मोयन ठीक है?" मीही बोटांनी पीठ चाचपून गंभीरपणे म्हणायचे, "थोड़ा घी और." बाट्या चांगल्या होत असाव्यात, कारण हा गैरसमज फार टिकला.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव अंकासाठी संपादकांनी मला कामाविषयी लिहायला सांगितलं, तेही ‘आम्हाला कळेल असं’. प्रयत्न करते.

शीफ म्हणजे पेंढी. कापलेल्या काड्या एकत्र बांधल्या की पेंढी होते. आमच्या पेंढीत काड्यांऐवजी माहिती असते. जगात कुणालाच सगळं एकदम दिसत नाही. ज्याला त्याला आपापल्या जागेवरून थोडं थोडं दिसतं. दोघांनाही दिसलेल्या भागाबद्दल दोघं एकच सांगत असतील, तर त्यांचं सांगणं एकमेकांना जोडता येतं. असे तुकडे जोडत गेलो आणि कुठे अडलं नाही, तर पूर्ण चित्र हाती येतं. अडलंच, तर नेमकं कुठे आणि किती अडलं, ते मोजायचं. या जोडकामाचं जे गणित आहे त्याला शीफचा सिद्धांत म्हणतात.

यातली गंमत अशी की शेजारशेजारचं सगळं पटूनही अख्खं पटत नाही, असं होऊ शकतं. चार जावा गोल करून बसल्या आहेत असं समजा. प्रत्येक जण म्हणते, माझं घड्याळ माझ्या डावीकडच्या जावेपेक्षा पाच मिनिटं पुढे आहे. कुठल्याही दोघींचं बोलणं वेगळं काढून ऐका, खोटं वाटणार नाही. पण एकीपासून सुरू करून गोल फिरून पुन्हा तिच्याचपाशी या. तिचं घड्याळ तिच्याच घड्याळापेक्षा वीस मिनिटं पुढे निघतं! म्हणजे कुणीतरी चुकतंय. घड्याळं कितीही पुढेमागे केली तरी ही वीस मिनिटं जात नाहीत. माझी उमेदीची सगळी वर्षं या न जाणाऱ्या वीस मिनिटांचा अभ्यास करण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

मला हे मुंबईत माझ्या सरांनी शिकवलं. लग्नानंतर यजमानांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली आणि मी इथल्या एका कॉलेजात लागले. या विषयावर बोलायला आसपास कुणी नव्हतं. मी सरांना प्रश्न लिहून पाठवायचे, ते मार्जिनमध्ये लाल शाईने उत्तरं लिहून परत पाठवायचे. याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की सर चिडत. "संध्याकाळी फिरायला जाता, त्याचा उपयोग काय?" असं उलट विचारत. मी निवृत्त व्हायच्या आधीच ते गेले. पुढे जे घडलं ते त्यांना सांगायला मिळालं नाही, ही माझी एक हुरहुर आहे. अर्थात, उपयोग झाला म्हणून सांगितलं असतं तर थोडे रागावलेही असते.

निवृत्तीनंतर एक दिवस फोन आला. "मॅडम, मी ऋतुजा. कोल्हापूरची. तुमचा शीफवरचा जुना पेपर वाचला. तुम्ही जयपुरातच राहता व्हय?"

ऋतुजा इथल्या सोडाला भागातल्या एका छोट्या कंपनीत मुख्य इंजिनियर होती. शहरातल्या बस कुठे पोचल्या, हे थांब्यावरच्या पाट्यांवर दाखवायचं त्यांचं काम. बसमध्ये बसवलेलं यंत्र उपग्रहाकडून जागा आणि वेळ घेतं, ते यांच्याकडे येतं. शिवाय डेपोतली माहिती आणि चौकातले कॅमेरे. सगळे तुकडे आपापल्या परीने ठीक, पण पाटीवर भलतंच. एक बस तर महिनाभर येण्याआधीच निघून जात होती. मी कागदावर रिंगणं काढली, कुठलं रिंगण मिटत नाही ते पाहिलं आणि सांगितलं की ही बस आणि दुसरी एक, या दोघींची यंत्रं आपसात बदलली गेली आहेत. ऋतुजा स्वतः डेपोत जाऊन पाहून आली. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोमवारपास्नं कामावर या."

तेव्हापासून मी तिथे जाते. माझं गणित आता कॉम्प्युटरवर चालतं. ते ऋतुजाने बांधलं, म्हणून चालतं. अडलं कुठे ते पाहायचं काम अजून माझ्याकडे आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट.

मे महिन्यातला दिवस होता. जयपूरचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांनी तापलेल्या तव्याजवळ चेहरा नेऊन पाहावा. जेवणाचा डबा उघडत होते, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला.

प्रज्ञा शाळेत शिकवते. तिचे वडील, रामटेकेकाका, रेल्वेत गार्ड होते. मूळचे अकोल्याकडचे. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात आमची दरवर्षी भेट व्हायची, आणि काका सगळ्या पोरांना शिटी वाजवून खीर खायला बोलवायचे. गेली काही वर्षं त्यांची आठवण ढासळत चालली होती. ऐंशीच्या घरातला माणूस, घरात बापलेक दोघंच.

"काकू, बाबा सकाळपासून नाहीयेत," प्रज्ञा म्हणाली. "मी अंघोळीला गेले, मतलब दहा मिनिटंच, आणि दार उघडं. फोन घरीच आहे. सगळीकडे बघितलं. पोलीस म्हणतात आदर्श नगरला दिसले, तिथे पण नाहीत. काकू, बाहेर इतकं ऊन आहे..."

मी डबा बंद केला आणि ऋतुजाला हाक मारली.

आम्ही दोघी चौकीवर पोचलो तेव्हा प्रज्ञा बाकावर बसली होती, मांडीवर काकांची टोपी. टोपीसुद्धा घरीच राहिली होती. चौकीचे अधिकारी शेखावत मनापासून कामाला लागलेले होते, हे आधी सांगायला हवं. प्रज्ञाच्या गल्लीतल्या लोकांनी दुकानादुकानांतून कॅमेऱ्यांची चित्रणं मागून फोनवर गोळा केली होती. शेखावतांनी त्यातून आणि दूरदूरच्या चौक्यांकडून मागवलेल्या चित्रणांतून एक कथा जुळवली होती.

ती अशी. घराजवळच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काका पांढऱ्या सदऱ्यात मुख्य रस्त्याकडे वळताना स्वच्छ दिसत होते. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, आदर्श नगरच्या एका बागेच्या फाटकावर, पांढरा सदरा घातलेला, जरा वाकून चालणारा म्हातारा. चेहरा स्पष्ट नव्हता. एक ई-रिक्षावाला सांगत होता की मी असल्याच आजोबांना त्या बागेशी सोडलं. नेमका तेव्हाच त्याला बायकोचा फोन आला होता, आणि फोनमधली वेळ बागेच्या कॅमेऱ्याशी बरोब्बर जुळत होती. त्यात काकांचा एक जुना सहकारी आदर्श नगरला राहायचा. सगळ्यांना पटलं. चौकीची माणसं आणि गल्लीतली पोरं आदर्श नगरच्या गल्ल्या पालथ्या घालत होती.

"और ये?" ऋतुजाने एका चित्रणावर बोट ठेवलं. शहराबाहेरच्या चौमूं गावाकडे जाणाऱ्या बस जिथे थांबतात, तिथल्या एका टायरच्या दुकानाचा कॅमेरा. पांढऱ्या सदऱ्याचा एक म्हातारा बसमध्ये चढतोय, पाठमोरा.

शेखावतांनी मान हलवली. "इसका टाइम देखिए. ये तो घर से निकलने से भी पहले का है. निकलने से पहले बस में कैसे बैठ जाएँगे?"

"पण साहेब," मी हिंदीत विचारलं, "औषधाच्या दुकानापासून आदर्श नगरची बाग ई-रिक्षाने पाऊण तास तरी आहे. तुमच्या या दोन चित्रणांत पाव तासाचंही अंतर नाही."

"दुकानवालों की घड़ियाँ, मैडम! कोई मिलाता है क्या? मेडिकल वाले की आगे होगी."

हे अगदी खरं आहे. दुकानातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावत नाही. म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानाचं घड्याळ मनातल्या मनात अर्धा तास मागे घेतलं होतं आणि कथा जुळवली होती. मला एवढंच विचारायचं होतं, की ते घड्याळ मागे घेतलं तर बाकी काय काय बिघडतं?

मी म्हटलं, "साहेब, मला अर्धा तास द्या. आणि शहर बसच्या नोंदी पाहायची परवानगी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरे केस, खांद्यावर पर्स, हातात न खाल्लेला डबा. "गणित से बता देंगी आप कि बाबूजी कहाँ हैं?"

"नहीं. गणित सिर्फ़ ये बताएगा कि कौन-सी दो बातें एक साथ सच नहीं हो सकतीं."

त्यांनी बस खात्याला फोन लावला.

कामाची पद्धत सांगते. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवायची तर दोघांनी पाहिलेली एखादी गोष्ट हवी. रामटेकेकाका तर कामाचे नाहीत, कारण चित्रणातला म्हातारा म्हणजे तेच का, हाच प्रश्न. म्हणून आम्ही काकांना सोडून दिलं आणि बाकीचा रस्ता पाहू लागलो. ऋतुजाला औषधाच्या दुकानासमोरून जाणारी एक शहर बस दिसली, मागची जाहिरात अर्धी फाटलेली. तीच फाटकी जाहिरात टायरच्या दुकानासमोरूनही गेली होती. बसची वेळ उपग्रहाची, तिच्यात शंका नाही. मग मला एक टेम्पो दिसला. मागे उभी बांधलेली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली संगमरवरी मूर्ती, हात आशीर्वादासाठी वर केलेला, आणि त्या हाताला लाल चिंधी. अशी मूर्ती सकाळी सकाळी शहरात दुसरी निघत नाही. तो टेम्पोही दोन्ही कॅमेऱ्यांत होता.

असे वीसेक तुकडे आणि त्यांच्यातले दुवे ऋतुजाने यंत्रात भरले. उत्तर यायला चहा प्यायलाही वेळ लागला नाही.

औषधाच्या दुकानाचं घड्याळ बसशी जुळत होतं. ते बरोबर होतं. टायरच्या दुकानाचं घड्याळ तासाभराने मागे होतं, आणि हे बसही सांगत होती, मूर्तीही सांगत होती. वाटेतल्या गर्दीपायी इकडेतिकडे होणारी दोनचार मिनिटं सोडली, तर औषधाच्या दुकानापासून बसमार्गे टायरच्या दुकानापर्यंत आणि मूर्तीमार्गे परत, असं ते रिंगण मिटत होतं. आणि टायरचं घड्याळ पुढे घेतल्यावर तो पाठमोरा म्हातारा काका घरातून निघाल्यानंतरच चढत होता. मध्ये शहर बसने जायला लागतो तेवढाच वेळ.

आदर्श नगरचं काय? बागेचा कॅमेरा आणि रिक्षावाला एकमेकांशी पक्के जुळलेले. पण ती जोडी औषधाच्या दुकानाला कशीही बांधता येईना. दुकानाचं घड्याळ हलवलं तर बसचा दुवा तुटतो. बागेचं हलवलं तर रिक्षावाल्याच्या फोनचा तुटतो. काहीही केलं तरी अर्धा तास उरायचाच.

कुणी म्हणेल, ही तर साधी अक्कल झाली. झालीच! आमच्या गणिताबद्दल माझा हाच अभिमान आहे, की पुरतं उलगडून सांगितल्यावर ते साध्या अकलेसारखं दिसतं. पण डोक्यावर ऊन, कानाशी वाजणारे फोन आणि वीस चित्रणं, त्यातलं प्रत्येक संशयित, अशा वेळी साध्या अकलेला कुठेतरी धरून उभं राहायला लागतं.

मी शेखावतांना म्हटलं, "रिक्षावाला खरं बोलतोय. बागेचा कॅमेराही खरा आहे. पण ते दुसरे आजोबा आहेत."

 चौकीची एकच जीप मोकळी होती. आदर्श नगरमधली माणसं काढून चौमूंच्या रस्त्याला लावायची, आणि मी चुकले असेन तर काका तिकडे एखाद्या भिंतीच्या सावलीत पडून राहतील. हे त्यांनाही कळत होतं, मलाही.

प्रज्ञा उठून आली. "काकू, तुम्ही शुअर आहात का?"

आयुष्यात मी अनेक सिद्धता फळ्यावर लिहिल्या. ‘म्हणून हे सिद्ध झालं’ असं म्हणताना आवाज कधी कापला नव्हता. त्या दिवशी कापला.

"प्रज्ञा, बागेतला माणूस तुझे बाबा नाहीत, याची मला खात्री आहे. बसमध्ये चढलेला माणूस ते असू शकतात, पण तेच आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण शोधायला एकच रस्ता निवडायचा असेल, तर मी तो निवडेन."

तिने टोपीची घडी केली आणि शेखावतांकडे वळली. "सर, चौमूं चलिए."

शेखावतांनी टेबलावरची किल्ली उचलली. "चलो."

पुढे जीप, मागे ऋतुजाच्या गाडीत आम्ही तिघी. रस्त्यावर वाफा दिसत होत्या. शेखावत वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उतरून विचारत होते, फोटो दाखवत होते. कुणी ओळखेना. एकदोन थांबे रिकामे गेले.  मग डाव्या हाताला रेल्वेचे रूळ दिसायला लागले आणि प्रज्ञा एकदम सरळ बसली.

"काकू, बाबा या लाईनवर गाडी घेऊन जायचे. छोटी लाईन होती तेव्हा. मी लहान होते, एकदा मला घेऊन गेले होते. ते..." तिला मराठी शब्द सापडेना, "वो छोटा-सा स्टेशन, जहाँ नीम था..."

ऋतुजाने हॉर्न दाबून धरला. जीप थांबली. प्रज्ञाने धावत जाऊन शेखावतांना सांगितलं.

ते स्टेशन चौमूंच्या अलीकडे होतं. कडुलिंब अजून होता. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथे गाडीचा शेवटचा डबा थांबतो, तिथल्या बाकावर रामटेकेकाका बसले होते. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, बूट घातलेले, पाठ ताठ. दुरून वाटावं, कुणी नीटनेटके म्हातारबुवा गाडीची वाट पाहतायत. जवळ गेलो तेव्हा दिसलं, ओठ फाटले होते आणि डोळे उघडे असूनही ते आमच्याकडे पाहत नव्हते. अंगाला हात लावला, तर चटका बसावा इतकं गरम. प्रज्ञाने "बाबा" म्हणून हाक मारली, तेव्हा मान किंचित हलली.

शेखावतांनी त्यांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं. मी माझ्या बाटलीतल्या पाण्याने ओढणी भिजवून त्यांच्या डोक्यावर धरली. चौमूंच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी सलाइन लावलं आणि मग बोलले. संध्याकाळपर्यंत तिथे बसले असते तर आपण वेगळं बोलत असतो, असं म्हणाले.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. ऋतुजा शेजारी येऊन बसली. तिने माझा डबा गाडीतून आणला होता. आम्ही दोघींनी गार झालेली पोळी आणि भेंडीची भाजी खाल्ली. "मॅडम," ती म्हणाली, "आपलं रिंगण मिटलं बघा." मला रडू आलं. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर बरंच काही झालं. शेखावतांनी दुसऱ्याच आठवड्यात आदर्श नगरचे ते आजोबा शोधून काढले. ते लेकीकडे पाहुणे आलेले होते आणि रोज बागेत फिरायला जायचे. शोधायची काही गरज नव्हती, पण "मैडम, मुझे देखना था कि वो हैं भी या नहीं," असं म्हणाले. मला त्यांचं हे फार आवडलं. सिद्धता तपासून पाहणारा माणूस मला नेहमीच आवडत आलाय. आता कुणी हरवलं की त्यांचा फोन येतो. काही वेळा आम्हाला जमतं, काही वेळा जमत नाही. तुकडेच कमी असतात, किंवा सगळे तुकडे जुळतात आणि माणूस तरीही तिथे नसतो. ते दिवस जड जातात. पण मी जाते. शर्माभाभींनाही मी अखेर खरं काय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो बाटी किससे पूछूँ?"

दवाखान्यातली एक भेट मात्र सांगायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा चौमूंला गेले. काका उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर रंग आला होता. प्रज्ञा चमच्याने त्यांना ताक पाजत होती. त्यांनी मला ओळखलं नाही, पण रीतीने नमस्कार केला. मग खिडकीबाहेर कुठेतरी गाडीची शिटी वाजली आणि ते अस्वस्थ झाले. सलाइनचा हात उचलायला लागले.

"गाडी टायमावर सुटली काय वं?" त्यांनी प्रज्ञाला विचारलं.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग चमचा वाटीत ठेवला. "सुटली, बाबा."

"हिरवी झेंडी कोनं दाखोली?"

"मी दाखवली."

काकांनी तिच्याकडे बराच वेळ, नीट पाहिलं. एखाद्या नव्या माणसाच्या हातात गाडी द्यावी की नाही, असं पाहावं तसं.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि ताकासाठी तोंड उघडलं.